शेगडीची चार बटणं

दिवाळीच्या दिवशी आमच्या घरमालकीणबाई कॉलनीत घरोघर जात आणि दारातच प्रत्येकीला एक प्रश्न विचारत. "औंदा काय नाई केलं?"

काय केलं, असं नाही. काय नाही केलं. पहिल्या वर्षी मला वाटलं, ऐकण्यात माझीच चूक झाली. मी हौसेने ताट भरून पुढे केलं. चकल्या, करंज्या, दोन प्रकारचे लाडू, शेव, अनारसे. बाईंनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीवर बसल्या, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "ते दिसून राहिलं मले. नाई काय केलं ते सांग."

मी म्हटलं, "चिरोटे राहिले या वेळी." आणि ओशाळून लगेच जोडलं, "पण पाडव्यापर्यंत करीन."

बाईंचा हात खांद्यावरच्या कापडी पिशवीत गेला होता, तो तसाच रिकामा बाहेर आला. "मंग नाई," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

शेजारच्या वहिनींनी नंतर उलगडा केला. पिशवीत संत्री असतात. वरूडकडे बाईंच्या भाच्याचा बगीचा आहे, तो दिवाळीला पोतंभर संत्री पाठवतो. न केलेल्या प्रत्येक पदार्थामागे बाई एक संत्रं देतात, शाळेत बक्षीस देतात तसं. मी 'करीन' म्हटलं, तिथेच माझं संत्रं गेलं.

त्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊ वर्षं भाड्याने राहिलो. मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. नवरा औषधांच्या कंपनीत, महिन्यातले पंधरा दिवस यवतमाळ, वाशीम, बुलढाणा फिरणारा. मुलगी तेव्हा दुसरीत होती. खाली बाई एकट्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. चौतीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. वर्गात इतकं शुद्ध बोलायच्या म्हणे, की तपासणीला आलेले साहेब त्यांना पुण्याच्या समजायचे. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वऱ्हाडी सुरू केली ती कायमची. "चौतीस वर्सं जीभ इस्त्री करून ठेवली, आता मोकळी सोडली," असं सांगायच्या. स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी जातो' असंच, आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्या बोलतात तसं.

त्यांच्या दाराशेजारी शाळेतून आणलेला एक फळा टांगलेला होता. एरवी त्यावर 'उद्या नळ येणार नाही' असली कामाची वाक्यं असत. वसुबारसेला नवीन वाक्य यायचं: 'फराळ आणू नये. आणल्यास डबा परत मिळणार नाही.' मला ही थट्टा वाटली. मी झाकणाला कडी असलेला चांगला स्टीलचा डबा भरून नेऊन दिला. तो खरोखरच परत मिळाला नाही. आठवड्याने मागायला गेले तर म्हणाल्या, "तुले वाचता येते ना? पुस्तकातच नोकरी हाये तुही."

"बाई, असं डबे ठेवून घेऊन काय होणार आहे?"

"डबा गेला का हात आवरते," त्या म्हणाल्या.

माझा हात आवरला नाही. पुढच्या वर्षी मी कागदी पुड्यात नेलं. त्यांनी पुडा घेतला, माझ्यासमोर रस्त्यावरून जाणाऱ्या पहिल्या माणसाला हाक मारून देऊन टाकला आणि आत गेल्या.

स्वतः त्या दिवाळीला एकच पदार्थ करीत. तोही दिवाळीचाच असेल असं नाही. एका वर्षी नरकचतुर्दशीला त्यांच्याकडे गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी होती. एका वर्षी नुसता चिवडा. एका वर्षी काहीच नाही, कारण भूक नव्हती. दारात एक पणती. रांगोळी खडूने काढायच्या. पाच पाकळ्यांचं एक फूल, उभ्याउभ्या, कंबरेत वाकून, मी जिन्याची एक पायरी उतरेपर्यंत झालेलं असे. माझी मुलगी तासभर बसून रंग भरायची, तिच्याजवळून जाताना त्या थांबून म्हणायच्या, "पाय आखडतीन व माय." त्यात कौतुकाचा शब्द एकही नाही.

मुलीने मात्र त्यांची नाडी माझ्याआधी ओळखली. तिसऱ्या दिवाळीला मी अंघोळीला गेलेली असताना बाई आल्या. बाहेर येऊन पाहते तर मुलीच्या मांडीवर पाच संत्री. आईने करंज्या नाही केल्या, शेव नाही केली, अनारसे नाही केले, असं तिने एकेक मोजून सांगितलं होतं, आणि ते सगळं भरलेलं फडताळ तिच्या पाठीमागे उघडं होतं. बाईंना ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. राहून पाहा मग कळतं. शेजारच्या वहिनींचा मुलगा परदेशी गेला त्या वर्षीची गोष्ट. वहिनींचे यजमान आधीच गेलेले, आता घरात त्या एकट्या. त्यांनी त्या दिवाळीला झाडून सगळं केलं. अकरा पदार्थ. पंधरा दिवस त्यांच्या खिडकीतून तुपाचा वास येत होता. बाई त्यांच्याकडे गेल्या आणि तोच प्रश्न विचारला. वहिनी म्हणाल्या, "सगळं केलं हो बाई, काहीच ठेवलं नाही." आणि रडायला लागल्या. बाई उठून आल्या.

वहिनींकडून हे कळलं तशी मी त्याच पावली खाली जाऊन बाईंशी भांडले. म्हटलं, "त्यांना करायचं होतं म्हणून केलं. हाताला काम हवं होतं त्यांच्या. प्रत्येकीला तुमच्या मापाने कशाला मोजता?"

"मंग रडली कावून?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"विचारल्यानं कोनी रडत नसते," बाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

अशा माणसाशी भांडण कसं करायचं, हे मला नऊ वर्षांत समजलं नाही. आणि माझी स्वतःची गोष्ट सांगायची तर अनारसे करायला मला मनापासून आवडतं. खसखशीवर पीठ थापताना माझं डोकं शांत होतं. हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, "अन् बाकीचं?" बाकीचं मी आवडीने करत नव्हते, हे आता कबूल करते.

बाकीचं सगळं अकोल्याच्या धाकाने व्हायचं. माझ्या सासूबाई अकोल्याला राहत. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. तीन दिवसांचा सण. पहिल्या दिवशी दोघी बहिणी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी निरोप. खरा दिवस मधला. पुरणपोळ्या, वडे, कढी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्या, पंचामृत, आणि हे सगळं घरी, सोवळ्यात, उपाशीपोटी, उभ्याने. सासूबाईंनी अडतीस वर्षं ते असंच केलं होतं. बाहेरून आणलेली एक वस्तू नाही, दुसऱ्याच्या हातची एक पोळी नाही. मी दरवर्षी रजा टाकून अकोल्याला जायची आणि त्यांच्या हाताखाली राबायची. श्रावण लागला की फोन सुरू व्हायचे. डाळ भाजून ठेवली का, साड्या पाहिल्या का, सोळावी भाजी कोणती घ्यायची. महालक्ष्म्या आटोपल्या की नवरात्र, नवरात्र संपलं की दिवाळीची यादी. कार्तिक येईपर्यंत मी कोणाशी धड बोललेली नसायची. मुलगी म्हणायची, आई सणाची झाली की ओरडते.

ज्या वर्षाची गोष्ट मला सांगायची आहे, त्या वर्षी आषाढात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या आमच्याकडे अमरावतीला राहायला आल्या. दीर पुण्यात, त्याने हात वर केले. तेव्हा महालक्ष्म्या आमच्याकडे बसवायचं ठरलं. मुखवटे त्या स्वतः साडीत गुंडाळून मांडीवर घेऊन आल्या. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत गाडीत त्यांनी ते खाली ठेवले नाहीत. आल्याआल्या जेवायला बोलवायच्या माणसांची नावं सांगितली. चाळीस निघाली.

"आई, या वर्षी थोडं कमी केलं तर?" मी विचारलं.

"मी केलं तवा कमी नाई केलं," त्या म्हणाल्या. रागाने नाही. पायाला पट्टा बांधून कॉटवर बसल्या होत्या, आणि मला जमेल की नाही याची त्यांना खरीच काळजी वाटत होती.

सणाच्या तीन दिवस आधी मला ताप भरला. मी कोणाला सांगितलं नाही. तापाची गोळी घ्यायची, चार तास बरं वाटायचं, तेवढ्यात डाळी धुवायच्या, भांडी काढायची, पुन्हा गोळी घ्यायची. महालक्ष्म्या आल्या त्या संध्याकाळी हळदीच्या पावलांवरून चालताना मला भिंत धरावी लागली. नवऱ्याला वाटलं, साडीत पाय अडकला.

जेवणाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास नवरा केळीची पानं आणायला गेला होता. मुलगी फुलं ओवत बसली होती. एका शेगडीवर पुरणाची डाळ रटरटत होती, दुसरीवर कढी, आणि मी ओट्याला टेकून डोळे मिटून उभी होते. बाई कधी वर आल्या कळलं नाही. मानेवर गार हात लागला तेव्हा डोळे उघडले.

"अंग जयून राहिलं तुह्यं."

"काही नाही बाई. गोळी घेतलीय."

"कधीपासून?"

"परवापासून."

मुलगी दारातून म्हणाली, "त्याच्याआधीपासून."

"चाल दवाखान्यात," बाई म्हणाल्या.

"जाईन. एवढी पूजा होऊ द्या. एवढं पुरण झालं की जाते."

बाईंचा चेहरा मी आजवर कधी तसा पाहिला नव्हता. त्या पुढे झाल्या, शेगड्या बंद केल्या, आणि शेगडीची चारही काळी बटणं एकामागून एक ओढून काढली. घासायला काढतो तशी. पिशवीत टाकली. त्या जिना उतरून गेल्या, आणि खालच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

मला आधी हसू आलं, मग इतका संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. चाळीस माणसं यायची होती. बिनशिजलेली डाळ, अर्धी कढी. मी पक्कड शोधून आणली आणि बटणाच्या जागच्या दांड्या पकडीत धरून फिरवायचा प्रयत्न केला. पक्कड दोनदा निसटून फरशीवर पडली. त्या आवाजाने सासूबाई काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या. मी सांगितलं. त्या तशाच जिन्याकडे वळल्या. ऑपरेशननंतर त्यांनी तो जिना एकदाही उतरला नव्हता. अठरा पायऱ्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, कठडा धरून त्या उतरल्या. मी मागे. त्यांना धरण्याइतकं बळ माझ्या अंगात नव्हतं, तरी मागे.

सासूबाईंनी काठीने दार ठोठावलं. "मास्तरीणबाई, दार उघडा. देवीचा स्वयंपाक हाये तो. खेळ नाई."

दार उघडलं. बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, पिशवी काखेत धरून.

"बटनं द्या."

"नाई देत."

"तुमच्या घरी नसन देवधर्म. आमच्या घरी हाये."

"माह्याही घरी होता," बाई म्हणाल्या. "चांदूर रेल्वेजवळ सासर होतं माह्यं. शंभर पान उठे महालक्ष्म्याले. लग्नाले सहा वर्सं झालती तवाची गोठ. जेवनाच्या दिवशी सकाळीच वरूडहून भावाचा मानूस आला. म्हने, मायची तब्येत बरी नाई, बलावलं हाये. सासू म्हने, जा. जाऊ म्हने, जा, मी पाहतो. मले कोनी अडवलं नाई, हे ध्यानात ठेवा. मीच म्हनलं, एवढं पुरन वाटतो अन् निघतो. पुरन झालं. म्हनलं, जावेले वडे जमत नाई, एवढे वडे काढतो. वडे झाले. म्हनलं, आरती होऊ द्या. तो मानूस वट्ट्यावर बसून होता. तीनदा पानी पेला त्यानं. वरूडले पोचलो तं दिवे लागले होते. माय दुपारीच गेली होती. मले तिच्याजवळ नेऊन बसवलं. माह्या हाताले पुरनाचा वास येत होता."

हजेरी घ्यावी तशा आवाजात त्या हे बोलल्या. कुठे थांबल्या नाहीत, डोळ्यांना पदर लावला नाही.

"कोनी विचारलं उशीर कावून झाला, तं काय सांगू? देवीनं थांबवलं म्हनू? देवी तं काई बोललीच नव्हती."

सासूबाई वळल्या आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. माझ्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्यांनी मला असा हात लावल्याचं त्याआधी मला आठवत नाही.

"मले कावून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

त्यांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "म्हनलं असतं, गोळी घे अन् कर," त्या म्हणाल्या. आणि मग बाईंना म्हणाल्या, "घेऊन जा हिले. वरचं मी पाहतो."

बाईंनी मला ऑटोत घातलं. बटणं पिशवीतच होती. डेंग्यू निघाला. तरुण डॉक्टर होते, त्यांना बाई माझी आई वाटल्या, ते त्यांनाच रागावले. "चार दिवस झाले तापाला. काय करत होता इतके दिवस?"

"पुरन," बाई म्हणाल्या.

मी पाच दिवस दवाखान्यात होते. घरी काय झालं ते मला नवऱ्याने सांगितलं. तो चाळीस पानं घेऊन आला तेव्हा सासूबाई महालक्ष्म्यांपुढे पाटावर बसल्या होत्या. त्यांनी त्याला एकेक घर फोन करायला लावला, जेवण नाही, हळदीकुंकवाला या. मग शेजारच्या वहिनींना बोलावून घेतलं आणि विचारलं, पुरण करून देशील का. वहिनींनी अंघोळ करून, ओल्या केसांनी, स्वतःच्या स्वयंपाकघरात अकरा पोळ्या केल्या, नैवेद्यापुरत्या. दुसऱ्याच्या घरचं पुरण आमच्या महालक्ष्म्यांपुढे तोवर कधी आलं नव्हतं. भाज्या मी आदल्या दिवशी चिरून ठेवल्या होत्या. सासूबाईंनी त्या सोळा वाट्यांत तशाच, कच्च्या मांडल्या आणि हात जोडून सांगितलं, "औंदा असंच हाये, माय. सून आजारी हाये."

मी दवाखान्यातल्या पलंगावर हे ऐकून रडले, आणि बाजूला बसलेल्या बाईंवर सगळा राग काढला. म्हटलं, "तुम्ही सासूबाईंना सांगू शकला असता. नवऱ्याला फोन करू शकला असता. माझी शेगडी मोडायची काय गरज होती? आणि पाहिलंत ना, वहिनींनी आनंदाने केलं. सगळ्याच बायका तुमच्यासारख्या नसतात."

"तिले आवडते," बाई म्हणाल्या. "म्या तिले परत कधी विचारलं काय?"

खरंच नव्हतं विचारलं. त्या रडण्यानंतर प्रत्येक दिवाळीला त्या वहिनींकडे जायच्या, मुकाट्याने एक लाडू खाऊन यायच्या. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण ते तेव्हा मान्य करायची माझी तयारी नव्हती. मी भिंतीकडे तोंड केलं.

बटणं त्यांनी चौथ्या दिवशी नवऱ्याजवळ दिली. तीन. चौथं हरवलं, त्या म्हणाल्या, आणि त्याबद्दल वाईट वाटल्याचं काही दाखवलं नाही. दोन वर्षं आम्ही एक शेगडी पकडीने पेटवत होतो. माफी त्यांनी मागितली नाही. मी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांना ते समजलं होतं की नाही हेही मला समजलं नाही.

त्या दिवाळीला मी काय केलं ते सांगायला मला लाज वाटते. अंगात धड ताकद आलेली नव्हती, तरी मी नऊच्या नऊ पदार्थ केले. सासूबाई म्हणत होत्या, राहू दे. नवरा म्हणत होता, विकत आणू. मी ऐकलं नाही. बाईंना दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं ते विचारू नका. त्या आल्या, प्रश्न विचारला. मी ताट पुढे ठेवून म्हटलं, "सगळं केलंय. काही राहिलं नाही."

बाई बसल्या. पिशवी बाजूला ठेवली. प्रत्येक पदार्थातला एकेक घास खाल्ला, शेव, चकली, करंजी, सगळं, सावकाश, दहा मिनिटं. पाणी प्यायल्या. "अनारसा चांगला झाला," म्हणाल्या. "बाकीच्यात मन नव्हतं तुह्यं." आणि गेल्या. उरलेलं ताट घेऊन मी तशीच उभी.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या परत अकोल्याला गेल्या. सासूबाईंनी पाच माणसं बोलावली आणि पुरणपोळ्या एका ओळखीच्या बाईकडून करून घेतल्या. जेवताना प्रत्येक पोळीला नाव ठेवलं. जाडच आहे, गूळ कमीच आहे. पण संध्याकाळी सहा वाजता त्या महालक्ष्म्यांसमोर खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, इतक्या वर्षांत या दोघींचे चेहरे मी बसून पाहिलेच नव्हते, थोरलीचं नाक थोडं वाकडं आहे.

आता आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलोय. बाईंना एकटीने होईना म्हणून भाच्याने त्यांना वरूडला नेलं. फोन त्या उचलतात, स्वतःहून करत नाहीत. बोलणं दोन मिनिटांच्या वर जात नाही.

मागच्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सकाळी, माझ्या आईचा फोन आला. आई मूर्तिजापूरला एकटी राहते, ऐंशीला टेकली आहे. विशेष काही नव्हतं. थंडी पडायला लागली, शेजारची मांजर व्याली, असं. फोन ठेवताना म्हणाली, "जमेल तेव्हा ये." मी म्हटलं, "येते ना, एवढे शंकरपाळे आटोपले की." शब्द तोंडातून गेले आणि मी परातीसमोर बसून राहिले. पीठ भिजवून झालं होतं. मी त्यावर ताट झाकलं, हात धुतले, नवऱ्याला सांगितलं आणि बडनेऱ्याहून पहिली मिळाली ती गाडी पकडली.

आईने दार उघडलं आणि घाबरली. "काय झालं? आत्ता सकाळीच तर फोनवर बोललो."

"काही नाही. आले."

"अगं, माझं काहीच झालं नाही अजून," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "तू पाडव्याला येशील म्हणून उद्यापासून करायला घेणार होते. लाडवाचं बेसनसुद्धा आणलं नाही. तुला द्यायला घरात काही नाही गं."

मी तिच्या स्वयंपाकघरात बसले. तिने ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. बेसनाचं, लाडवाचं तिचं चालूच होतं, मी कशी रिकाम्या हाताने जाणार, लोक काय म्हणतील. ऐंशी वर्षांची माझी आई मला तोंड दाखवायला घाबरत होती, कारण तिने लाडू केले नव्हते. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून मी खिडकीपाशी जाऊन बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. पीठ तसंच ठेवून निघाले हे सांगितलं. मनात होतं, आता तरी त्या काही चांगलं बोलतील.

"माय कुठी हाये आता?" त्यांनी विचारलं.

"इथेच. माझ्यासमोर. भाकर टाकतेय."

"मंग माह्याशी कायले बोलून राहिली?" आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" आईने विचारलं.

"आमच्या जुन्या घरमालकीणबाई."

"काय म्हणत होत्या?"

"काही नाही," मी म्हटलं. "त्यांना बोलायचं नव्हतं."

आईने तव्यावरची भाकरी माझ्या ताटात घातली आणि पाट ओढून माझ्याजवळ बसली.